लग्नाची बैठक पुरुषांची असते, मग बालविवाह थांबवायचं काम पण तिथूनच सुरू करा

आपल्याकडं पोरीचं लग्न ठरतं कुठं ते आधी डोळ्यासमोर आणा. ओट्यावर नाहीतर पडवीत सतरंजी टाकलेली, पोरीचा बाप, दोन चुलते, मामा, मध्यस्थ, पाहुण्यांकडचे चारपाच जण, एखादा पोलीस पाटील किंवा माजी सरपंच मान म्हणून बोलावलेला. बायका आत, पोरगी चहाचा ट्रे घेऊन एकदा येऊन गेली की परत आत. मग याद्या होतात, मानपान ठरतो, सुपारी फुटते. त्या दीडदोन तासात पोरीचं एक वाक्य नसतं आणि तिच्या आईचं पण नसतं. आणि आपण बालविवाहाच्या विरोधात कार्यक्रम घेतो तेव्हा समोर कोणाला बसवतो, तर शाळेतल्या पोरींना आणि बचत गटाच्या बायकांना. जिच्या हातात काहीच नाही तिलाच सांगतो की तू नाही म्हण. पंधरा वर्षांच्या पोरीनं बाप, चुलता, मामा ह्या सगळ्यांसमोर एकटीनं नाही म्हणायचं, हे केवढं ओझं आहे बघा.

म्हणून हे लिहितोय. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी, निफाड, पेठ, चांदवड ह्या बाजूला गेली काही वर्षं तरुण मंडळांबरोबर हे काम करतोय, त्यातून जे जमलं आणि जे फसलं ते सगळं सांगतो, तुमच्या गावात कोणाला सुरुवात करायची असेल तर कामाला येईल.

एक आकडा फक्त लक्षात ठेवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९-२१ मध्ये झाली, त्यात महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं, देशाचा आकडा २३.३. म्हणजे पाचात एक. आपण पुढारलेलं राज्य म्हणतो आणि देशापासून जेमतेम दीड टक्का लांब आहोत. गावात हा आकडा सांगितला की लोक म्हणतात आमच्याकडं नाही होत असं. वाद घालू नका. फक्त विचारा की दोन वर्षांपूर्वी आठवीला किती पोरी होत्या आणि आज दहावीला किती आहेत, बाकीच्या कुठं गेल्या. पारावर बसलेली माणसं बोटांवर मोजायला लागतात आणि मोजता मोजता गप्प होतात.

मी स्वतः पण त्यातलाच. माझ्या चुलत बहिणीचं लग्न झालं तेव्हा ती दहावीला जाणार होती. मी एकोणीस वर्षांचा, कॉलेजला नाशिकला जायचो, मला कायदा माहीत होता, तिचं वय पण माहीत होतं, आणि मी पंगतीत बुंदी वाढत होतो. कोणी मला विचारलं नाही आणि मी पण कोणाला विचारलं नाही. आज ती भेटते, कधीच काही बोलत नाही, पण तिची मोठी पोरगी आठवीला गेली त्या वर्षी राखीला आली तेव्हा तिनं एवढंच विचारलं, दादा हिच्या वेळेला तू बोलशील ना. तेव्हापासून हे काम माझ्यासाठी घरचं आहे.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आपल्या निफाडला जन्मले, १८४२ साली. विधवाविवाहाची बाजू घेणारा एवढा मोठा विद्वान माणूस, पण पहिली बायको वारल्यावर १८७३ मध्ये वडिलांच्या आग्रहापुढं त्यांचं काही चाललं नाही आणि अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न झालं, स्वतः तिशी ओलांडलेले. पुढं त्या मुलीला, रमाबाईंना, त्यांनी शिकवलं, रमाबाईंनी सेवासदन ही बायकांसाठीची संस्था उभी केली, ते सगळं खरं आहेच. पण मला त्यातून एकच गोष्ट दिसते, की रानड्यांना कळत नव्हतं असं कोणी म्हणणार नाही, ते एकटे पडले. आपल्या गावातल्या बापाला, भावाला, मामाला पण बऱ्याच वेळा कळत असतं. त्याला नाही म्हणायचं असतं पण पहिलं नाही कोणी म्हणायचं ह्यावर सगळं अडतं. आपलं काम म्हणजे त्याला आधीच सोबती मिळवून देणं, म्हणजे बैठकीत तो बोलला तर मागून दुसरा पण बोलेल ह्याची त्याला खात्री पाहिजे.

सुरुवात एका वहीपासून करा. गावातल्या किंवा वस्तीवरच्या तेरा ते सतरा वयाच्या पोरी किती, हे अंगणवाडी ताई, आशा ताई आणि शाळेतले सर यांच्याकडून कळतं. पण वहीत पोरीचं नाव लिहून थांबू नका. प्रत्येकीच्या पुढं लिहा की हिच्या लग्नाचा शब्द घरात कोणाचा चालतो. कुठं बाप असतो, कुठं आजोबा, कुठं मोठा चुलता कारण शेत अजून एकत्र आहे, आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घरात बऱ्याचदा मुकादम, कारण उचल त्याच्याकडून घेतलेली असते. मग त्या माणसाचं कोण ऐकतं हे नको, तो स्वतः कोणाचं ऐकतो ते लिहा. एखाद्याचा भजनी मंडळात जीव असतो, एखादा सोसायटीच्या चेअरमनचं ऐकतो, एखादा फक्त आपल्या मेव्हण्याचं. ही वही कोणाला दाखवू नका, फोटो काढून ग्रुपवर तर अजिबात टाकू नका, ती पोरींच्या नावांची यादी आहे.

आता वेळ. लोक अक्षय्य तृतीयेच्या आदल्या आठवड्यात जागे होतात, पोस्टर लावतात, तोपर्यंत आचाऱ्याला विसार गेलेला असतो. मालेगाव बागलाणकडं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेलाच, सगळ्या माहेरवाशिणी येतात, पाहुणे जमतात, तिथंच पुढची सोयरीक जुळते, म्हणजे बोलणं आखाजीच्या आधी दोनतीन महिने व्हायला पाहिजे. तुळशीच्या लग्नानंतर एक घाई. दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या निघतात त्याच्या आधी दुसरी, कारण जोडप्याचा एक कोयता धरतात आणि लग्न लावलं की पोरीची काळजी पण मिटली आणि एक कोयता पण वाढला असा हिशोब असतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मे ची सुट्टी. शाळा बंद, सर त्यांच्या गावाला, पोरगी मामाकडं नाहीतर आत्याकडं गेलेली, तिकडंच लग्न उरकतं आणि जूनमध्ये हजेरीला नाव घेतलं की वर्गातल्या पोरी सांगतात, तिचं लग्न झालं सर. म्हणून आमचं खरं काम गणपतीत सुरू होतं. मंडळाची पोरं एकत्र असतात, दहा दिवस रात्री जागतात, बोलायला वेळ असतो.

बापाशी बोलायचं तर मिटिंगला बोलावू नका. मिटिंगमध्ये बाप सगळ्यांसमोर एकच बोलतो, हो बरोबर आहे साहेब, आणि घरी जाऊन स्वतःला पाहिजे तेच करतो. तो जिथं कामावर आहे तिथं जा. ऑक्टोबरमध्ये द्राक्षाची छाटणी चालू असते तेव्हा पेठ सुरगाण्याकडची माणसं दिंडोरी निफाडच्या बागांमध्ये राहायला आलेली असतात. एका बागेत मी एका भाऊंबरोबर अर्धा दिवस ओळीनं चाललो, ते छाटलेल्या काडीला पेस्ट लावत होते, एकेका डोळ्याला, बोटं रंगलेली, हात थांबत नव्हता आणि बोलणं पण थांबत नव्हतं. चौदा वर्षांची पोरगी गावाकडं आजीजवळ. तिचं ठरवलंय म्हणाले. मी कायदा काढला नाही. विचारलं, भाऊ एवढी घाई कशापायी. बराच वेळ काही नाही बोलले, एक ओळ संपली, दुसरी सुरू झाली, मग म्हणाले, मी इथं, तिची आई इथं, म्हातारीला रात्री दिसत नाही, काही बरंवाईट झालं तर मी कोणाला तोंड दाखवू.

हे आहे खरं कारण. हुंडा, गरिबी, रीत हे सगळं असतंच, पण बापाच्या छातीवर बसलेली ही भीती असते, की पोरीला पदर आला, आता कोणी नाव ठेवायच्या आत उजवून टाकू. पळून गेली तर. कोणी काही केलं तर. त्याला कायद्याचं कलम सांगून ही भीती जात नाही, ती फक्त अजून लपून बसते. त्याला दुसरी सोय दाखवावी लागते. त्या भाऊंच्या पोरीला आश्रमशाळेत प्रवेश मिळवून दिला, त्यासाठी दोनदा चकरा मारल्या, एवढंच केलं. आदिवासी विकास विभागाचं आयुक्तालयच नाशिकला आहे, प्रकल्प कार्यालयं नाशिक आणि कळवणला, शासकीय वसतिगृहं आहेत, प्रवेशाचे अर्ज कधी निघतात हे तुमच्या वहीत पाहिजे. पोरगी सुरक्षित जागी राहतेय हे कळल्यावर लग्नाचा विषय त्या माणसानं स्वतःच मागं टाकला.

पैशाचं पण खरं खरं बोला. एसटीचा पास बारावीपर्यंतच्या पोरींना अहिल्याबाई होळकर योजनेत फुकट आहे. २०२४-२५ पासून ८ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, हे बारावीच्या पोरीच्या बापाला माहीतच नसतं. लेक लाडकी योजनेत अठरा झाल्यावर ७५ हजार मिळतात, लग्न त्याच्या आत झालेलं नसेल तरच, पण ती १ एप्रिल २०२३ पासून जन्मलेल्या पोरींना आणि पिवळ्या केशरी कार्डवाल्यांना आहे. आत्ताच्या चौदा वर्षांच्या पोरीच्या बापापुढं ती योजना नाचवू नका, तो चौकशी करेल, नाही मिळाली की तुमच्या बाकीच्या बोलण्यावरचा पण विश्वास जाईल.

आता पोरांचं. ह्यावर मी जास्त लिहिणारे कारण इथंच सगळ्यात जास्त बदल होताना बघितलाय.

पोरांना पहिल्याच दिवशी बालविवाह बालविवाह करू नका. कबड्डीच्या मैदानावर, व्यायामशाळेत, मंडळाच्या शेडमध्ये, क्रिकेटच्या टुर्नामेंटला जा, खेळ संपल्यावर बसा, आणि त्यांच्याच लग्नाचं विचारा. कधी करायचंय, कशी बायको पाहिजे, तिच्याशी काय बोलशील. ते हसतात, एकमेकांना ढकलतात, मग हळूहळू खरं बोलायला लागतात. सतराअठरा वर्षांच्या पोराला पण घरून दाबतात, आजी आजारी आहे तिला नातसून बघायचीय म्हणून. एकवीसच्या आत पोराचं लग्न हा पण बालविवाहच असतो हे बऱ्याच पोरांना पहिल्यांदाच कळतं आणि काहींच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसतं, कारण त्यांना घरी सांगायला एक कारण मिळालं.

मग दुसऱ्यातिसऱ्या बैठकीला स्टॅन्डचा विषय काढा. प्रत्येक गावाच्या फाट्यावर असतो तो, पोरी शाळेला जायला एसटीची वाट बघत उभ्या आणि समोर टपरीवर गाड्या लावून आमची पोरं. हॉर्न, गाणं मोठ्यानं, नावानं हाक, चिठ्ठी नाहीतर आता इन्स्टाला रिक्वेस्ट. पोरांना वाटतं मजा. पण ती घरी सांगत नाही, कोणीतरी दुसराच सांगतो, चुलत्याला सांगतो की तुमच्या पोरीच्या मागं पोरं असतात. त्या रात्री घरात ठरतं की उद्यापासून शाळा बंद. आणि शाळा बंद झालेल्या पोरीचं लग्न किती महिन्यात होतं ते गावाला माहीत आहे. पोरांना विचारा, तुमच्या वर्गातली कोण कोण अशी गेली. एका गावात हे बोलणं चालू असताना एक पोरगा एकदम उठून बाहेर गेला. नंतर कळलं की ज्या पोरीच्या मागं तो दोन वर्षं फिरला तिचं लग्न याच कारणानं झालं होतं, सोळाव्या वर्षी, आणि त्याला हे तोपर्यंत कोणी जोडून सांगितलंच नव्हतं. त्याला कोणी दोष देत बसलं नाही. आज त्या फाट्यावर सकाळी साडेसातला टपरीसमोर गाडी लावायची नाही हे पोरांनी स्वतःच ठरवलंय आणि बाहेरगावचं कोणी आलं तर तोच पोरगा त्याला चहा पाजून तिथून हलवतो.

एक काळजी घ्या. पोरांना रखवालदार बनवू नका. काही पोरं उत्साहात म्हणतात आम्ही गावातल्या पोरींवर लक्ष ठेवतो, कोण कोणाशी बोलते बघतो. ते तर अजून वाईट, बापाचा पहारा काढून भावांचा पहारा बसवला असं होईल. पोरांचं काम स्वतःचं वागणं बघायचं आणि घरात बहिणीच्या बाजूनं बोलायचं, बस. भावाला घरात किती वजन असतं ते त्याला स्वतःला माहीत नसतं. बहिणीला बघायला पाहुणे येणार कळलं की बापाला एकदा एवढंच म्हणायचं, तिची बारावी होऊ द्या, तिला आणायला सोडायला मी जातो, खर्चाचं मी बघतो. भाषणाची गरजच नाही. ही तीन वाक्यं आम्ही पोरांकडून अक्षरशः बोलून घेतो, एक जण बाप होतो, एक मुलगा, बाकीचे बघतात. पहिल्यांदा जीभ अडखळते. चारपाच वेळा झालं की घरी बोलायला जमतं.

नवरदेवाच्या बाजूचं पण सोडू नका. कांद्याच्या पट्ट्यात, द्राक्षाच्या पट्ट्यात तीस बत्तीसची शेतकरी पोरं लग्नावाचून बसलीत, शेती असून पोरगी मिळत नाही, मग एजंट येतो, म्हणतो लांबच्या गावात गरीब घर आहे, एवढे द्या, पोरगी अठराची आहे, आधार कार्ड बघा. त्या पोराला आणि त्याच्या बापाला नीट बसवून सांगा की आधारवरची तारीख वयाचा पुरावा म्हणून धरू नका. शाळेचा दाखला नाहीतर जन्माचा दाखला बघा, केस झाली तर कोर्टात तेच चालतं आणि ते दोन्ही नसले तर वैद्यकीय तपासणी होते. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात अठराच्या वरच्या नवरदेवाला २ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड आहे, लग्न लावणारा, ठरवणारा, मदत करणारा सगळ्यांना तेच, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. लग्न होऊ दिलं म्हणून आईला किंवा पालक बाईला ह्या कायद्यात तुरुंगवास नाही, म्हणजे आत जायची पाळी बहुतेक पुरुषांचीच. आणि खरी मोठी गोष्ट वेगळीच आहे. बायको अठराच्या आतली असेल तर तिच्याशी संबंध हा बलात्कार धरला जातो, सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०१७ ला ते स्पष्ट केलं, आणि पॉक्सोखाली, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली, कमीत कमी १० वर्षं, ती सोळाच्या आतली असेल तर २०. ती दिवस राहून दवाखान्यात गेली की वय लिहिलं जातं आणि डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं. मी हे धमकी म्हणून कधीच सांगत नाही, काळजीनं सांगतो, कारण पोराला हे कोणीच सांगितलेलं नसतं आणि तो खरंच फसतो. पण ह्याच्या बरोबर त्या पोरीचं पण सांगा, की तिचं अंग अजून वाढतंय, रक्त कमी, पहिल्या बाळंतपणात झटके, रक्तदाब, कमी वजनाचं बाळ हे सगळं कमी वयात जास्त होतं. स्वतःची केस वाचवायची एवढ्यावर पोरगा थांबला तर तो अठरा पूर्ण व्हायची तारीख मोजेल फक्त.

मामाचं मला वेगळं सांगायचंय. आपल्याकडं मंगलाष्टकाच्या आधी गुरुजी माईकवर म्हणतात, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. मामा हात धरून आणतो, मागं उभा राहतो. त्याच्याशिवाय पोरगी मांडवात येत नाही. म्हणजे ह्या माणसाला रीतीनंच जागा दिलेली आहे आणि आपण त्याचा उपयोग कधी केला नाही. आम्ही गावातल्या सगळ्या मामांना, म्हणजे ज्यांना भाच्या आहेत अशा पुरुषांना, एकच विचारतो, तुमची भाची किती वर्षांची, कितवीला आहे, तुम्ही तिला शेवटचं कधी बोललात. बऱ्याच जणांना इयत्ता सांगता येत नाही. मग शब्द घेतो की अठराच्या आतल्या भाचीला मी मांडवात आणायला जाणार नाही, आणि हे दाजीला आजच फोन करून सांगतो, लग्न ठरल्यावर नाही. चांदवडकडच्या एका मामानं आमच्यासमोरच फोन लावला, स्पीकरवर. दाजी, पोरीचं अजून दोन वर्षं बघू नका, बघितलं तर मी येणार नाही. पलीकडून शिव्या आल्या. मामानं फोन ठेवला, त्याचा हात थरथरत होता, पाणी मागितलं. तीन दिवसांनी बहिणीचा फोन आला त्याला, रडत होती, म्हणाली दादा बरं केलंस.

गुरुजी, काझी, भंते, मंगल कार्यालयवाले, मंडपवाले, बँडवाले, डीजे, आचारी, फोटोग्राफर, पत्रिका छापणारे, ह्यांच्याकडं एकेकट्यानं जाण्यापेक्षा त्यांना एकत्र बसवा, कारण एकानं नाही म्हटलं की ऑर्डर शेजारच्याला जाते आणि पोटाचा प्रश्न आहे हो त्यांचा. सगळ्यांनी एकच नियम ठेवला तर कोणाचंच नुकसान नाही, ऑर्डर घेतानाच दोघांचे शाळेचे दाखले मागायचे. मदत करणारा पण गुन्हेगार धरला जातो हे त्यांना कळलं की ते स्वतःच मागायला लागतात. पत्रिकेवाला सगळ्यात महत्त्वाचा, त्याला सगळ्यात आधी कळतं. पण खरं सांगतो, ज्यांना लपवून करायचंय ते पत्रिका छापतच नाहीत, साखरपुड्यातच लग्न उरकतात, त्यामुळं ह्या बाजूवर पूर्ण भरवसा ठेवू नका.

ग्रामसभेचा ठराव घ्यायचा असेल तर २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर ह्या सभा धरा. कोल्हापूरच्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला आणि तो राज्यभर गेला, म्हणजे ठरावात ताकद असते, पण मागं माणसं उभी असली तरच. त्यामुळं ठराव शेवटी घ्या, आधी माणसं जोडा. जात पंचायतीनं किंवा भावकीनं लग्न मोडलं म्हणून कोणाला वाळीत टाकायची भाषा केली तर सामाजिक बहिष्काराच्या विरोधातला २०१६ चा आपल्या राज्याचा कायदा आहे, ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हे त्या बापाला आधीच सांगून ठेवा, त्याला धीर येतो.

एवढं करून पण एखाद्या रात्री फोन येतोच की उद्या सकाळी हळद आहे. तेव्हा दहा पोरं घेऊन मांडवात घुसू नका. आम्ही एकदा हे केलं, सुरुवातीच्या काळात, मारामारी झाली आणि पोरीला त्याच रात्री दुसऱ्या गावाला नेऊन लग्न लावलं. ती चूक आजपण सलते. १०९८ ला फोन करा, चाइल्डलाइन, फुकट लागतो आणि तुमचं नाव गुप्त राहतं. ११२ ला पोलीस. गावात ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, तेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, शहरात बाल विकास प्रकल्प अधिकारी. फोनवर गाव, वाडी, घराची खूण, पोरीचं अंदाजे वय आणि शाळा, लग्नाची वेळ एवढं नीट सांगा. शाळेतून दाखल्याची नक्कल मिळाली तर काम निम्मं होतं, म्हणून सरांचा नंबर आधीच ठेवा. वेळ हातात असेल तर प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूम मिळतो, अर्ज कोणीही करू शकतं, आणि हुकूम मोडून लावलेलं लग्न मुळातच रद्द ठरतं. पोरीचा फोटो, नाव, व्हिडिओ कुठंच टाकायचा नाही, आम्ही थांबवलं म्हणून स्टेटस ठेवायचा मोह होतो पोरांना, कडक सांगा की चालणार नाही, तिला त्याच गावात राहायचंय आणि कायद्यानं पण तो गुन्हा आहे.

आणि पोलीस आले, हमीपत्र लिहून घेतलं, पोरीला बाल कल्याण समितीपुढं नेलं, मांडव उतरला, म्हणजे झालं असं समजू नका. खरी कसोटी त्याच्या दुसऱ्या दिवशीपासून. बापाचा खर्च बुडालाय, पाहुण्यांत मान गेलाय, सगळा राग त्या पोरीवर निघतो. इथं पुरुषांची गरज सगळ्यात जास्त असते आणि इथंच ते गायब होतात. त्या आठवड्यात बापाच्या बरोबरीची दोन माणसं रोज संध्याकाळी त्याच्याकडं जाऊन बसली पाहिजेत, लग्नाचा विषय पण काढायचा नाही, नुसतं बसायचं, कांद्याच्या भावाचं बोलायचं, चहा घ्यायचा, गावानं त्याला टाकलं नाही हे त्याला दिसलं पाहिजे. आचाऱ्याचा, मंडपाचा विसार परत मिळतो का ते मंडळानं बघायचं, आमच्याकडं दोनदा मिळाला. ज्या पोरींचं लग्न होऊन गेलंय त्यांच्या भावांना पण सांगून ठेवा, की अठराच्या आत लागलेलं लग्न ती पोरगी कोर्टातून रद्द करून घेऊ शकते, वीस वर्षं पूर्ण होईपर्यंत तिला मुदत असते, तिला तसं करायचं असेल तर माहेरचं दार उघडं पाहिजे आणि ते दार बऱ्याचदा भावाच्या हातात असतं.

मग जून येतो. शाळा उघडते त्या दिवशी आम्ही वही काढतो आणि एकेका बापाला सकाळी फोन करतो, भाऊ गणवेश झाला का, पास काढला का, की मी येऊ तालुक्याला बरोबर. माझ्या चुलत बहिणीची पोरगी यंदा अकरावीला गेली, सायन्सला, पिंपळगावला. प्रवेशाच्या रांगेत तिचा बाप, तिचा मामा म्हणून मी, आणि तिचा धाकटा भाऊ, आम्ही तिघं होतो, आणि ती पुढं उभी राहून स्वतःचा फॉर्म स्वतः भरत होती.